मुठ्याचं घड्याळ

माझ्या लहानपणाबद्दल लिहायला बसलो तर ते अर्ध्या पानात आटपेल. चौथीत शाळा सुटली, बापाची जमीन कारखान्यांत गेली, उरलेली भावाभावांत वाटली, आणि मी उल्हासनगरात एका सिंधी उस्तादाजवळ घड्याळ उघडायला शिकलो. त्यात कौतुकाचं काही नाही. माझं खरं मोठं होणं पंचेचाळिशी उलटल्यावर झालं, आणि ते माझ्या मुलीच्या हातातल्या एका खेळापायी झालं. म्हणून वाढत्या वयाच्या आठवणी लिहायच्या तर हीच वर्षं लिहिली पाहिजेत. हे पान मी अजूनही टाळलं असतं, पण आता डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय. नंतर लिहायचं म्हटलं तरी दिसायचं नाही.

आम्ही तेव्हाही बेलवलीलाच राहायचो, बदलापूर पश्चिमेला. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे चार गुंठ्यांचा तुकडा आणि त्यापलीकडे दुसऱ्यांची भातशेतं, ती खाली मांजर्लीपर्यंत नदीला जाऊन टेकलेली. आज तिथं सहा-सहा मजली इमारती आहेत, तळमजल्यावर गाड्या लावतात आणि पूर आला की त्याच गाड्या पुलावर नेऊन ठेवतात. त्या वेळी मागच्या दारातून फक्त शेत दिसायचं. घरात तीन भिंतीवरची घड्याळं होती, गिऱ्हाइकांनी न नेलेली. तिन्ही एकदम वाजली पाहिजेत असा माझा हट्ट. एखादं चार सेकंद मागे पडलं तरी मी जेवता जेवता उठायचो. आमची ही, सुमन, म्हणायची की या माणसाला बायकोचा ताप कळणार नाही, घड्याळाचा कळेल. ती चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, त्या थापण्याचा आवाज, तीन घड्याळांचा टकटकाट आणि पावसाळ्यात मागून बेडकं. घराचा आवाज म्हणजे एवढाच. मग त्यात खेळाची धून आली.

खेळ आला तो लच्छूभाईंमुळे. उल्हासनगरात त्यांचं कापडाचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीवर काचेची पेटी लावलेलं माझं टेबल. बावीस वर्षं मी त्या पायरीवर बसलो. रोज बेलवलीहून सायकल मारत, अंबरनाथच्या कारखान्यांचा वास नाकात घेत यायचो. लच्छूभाई मला पाणी द्यायचे तेव्हा सोबत भाजलेला पापड द्यायचे, त्यांच्यात तशी रीत आहे, नुसतं पाणी देत नाहीत. त्यांच्या मुलासाठी कुणी नातेवाइकानं बाहेरदेशाहून हातात धरायचा एक गेम आणला होता. मुलगा मोठा झाला, गेम पाण्यात पडला, बंद झाला. लच्छूभाईंनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साईं, चालू होता है तो तेरी बेटी का. नहीं होता है तो भी तेरी बेटी का, खोल-खोल के खेलेगी." मी तो स्पिरिटनं धुतला, दोन तारा नव्यानं जोडल्या, पेन्सिल सेल घातले. ट्रिंग करून लागला. आत एक कॅसेट होती, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. खेळाची कॅसेट म्हणायचे तिला.

माझी मुलगी अश्विनी, घरात आशू, तेव्हा सहावीत होती. नितीन तिच्या पाठचा, चौथीत. खेळ असा होता की एका पोरानं गावोगाव हिंडायचं, गवतातून, पाण्यातून, गुहेतून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. काही प्राणी वाढता वाढता रूप बदलायचे, सुरवंटाचं पाखरू होतं तसं. असल्या खेळाचे म्हणे एकामागून एक भाग निघत असत, आमच्याकडे आला तो दुसरा की तिसरा. मला ते सगळं पोरखेळ वाटलं. पण एक गोष्ट मी पाहिली आणि टोपी काढली. त्या खेळाच्या आत घड्याळ होतं. बाहेर सकाळ तर आत सकाळ, बाहेर तिन्हीसांज तर आत तिन्हीसांज. गेम बंद करून फळीवर ठेवला तरी आतली वेळ पुढे सरकत राहायची. ज्या कुणी तो बनवला त्याला वेळेची कदर होती, म्हणून मी घरात त्याला थारा दिला.

आशूनं पहिला प्राणी पकडला तो खेकड्यासारखा होता, मातकट, एक नांगी मोठी. भातलावणीच्या दिवसांत आमच्या बांधावर असे मुठे निघतात, बेलवलीची पोरं डबे घेऊन मागे लागतात आणि घरोघरी त्याचा रस्सा होतो. तिनं त्याचं नाव मुठ्या ठेवलं. नाव इंग्रजी अक्षरांतच घालावं लागायचं, त्याचा तिला राग. त्या दिवसापासून तिनं मुठ्यांचा रस्सा खाणं सोडलं. नितीन मुद्दाम तिच्यासमोर नांगी चोखत म्हणायचा, "हा तुझ्या मुठ्याचा काका. मरताना तुझी आठवण काढत होता." ती ताट घेऊन ओट्यावर जायची आणि सुमन दोघांनाही शिव्या घालायची.

मुठ्याला मोठं व्हायचं असायचं. ठरावीक झुंजी जिंकल्या की पडदा लुकलुकायला लागायचा, प्राणी पांढरा पडायचा आणि नवं रूप घ्यायला निघायचा. तेवढ्यात एक बटण दाबलं की तो थांबायचा. आशू दर वेळी ते बटण दाबायची. मी एकदा म्हटलं, अगं होऊ दे की त्याला मोठा, मोठा झाला तर जिंकेल. ती म्हणाली, "जिंकेल बाबा, पण मग तो मुठ्या नाही राहणार. त्याला मी बांधावरून आणलाय." बांधावरून नव्हता आणला, पण तिच्या लेखी आणला होता. यावर नितीन हसत सुटला. म्हणाला, "तुझा मुठ्या बाबांसारखा, चौथीतच राहणार."

पोराच्या मनात काही नव्हतं. पण मी भरल्या ताटावरून उठलो आणि दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. माझा हात असा होता की कल्याणपासूनची माणसं घड्याळ घेऊन माझ्याकडे यायची, शिकलेली, साहेब म्हणवून घेणारी, आणि माझ्यासमोर गप्प उभी राहायची. फक्त कागद समोर आला की मी बारीक व्हायचो. मराठी मला वाचता येत होतं, पण अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत. सुमनसमोरसुद्धा मी वाचायचो नाही. पोरांना वाटायचं बाबांना वेळ नसतो. हे असं लिहिण्याइतका हात पुढे, म्हातारपणी बसला. हे इथं लिहिलं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

सातवीच्या सुट्टीत आशूनं खेळ बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. पुढचा भाग कसा असावा ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं असं तिचं म्हणणं. दोघं भावंडं महिनाभर त्यावर भांडत होती. नितीनला प्राणी जास्त हवे होते, मोठे, आग ओकणारे, दोनशेचे चारशे. आशू म्हणायची, आहेत त्यांनाच नीट सांभाळलं तर काय बिघडेल. रेघांच्या वहीची चार पानं भरून तिनं एक ते आठ नंबर घातले. लच्छूभाईंची सून इंग्रजी शाळेत शिकलेली, ती त्याचं इंग्रजी करणार होती. पण त्याआधी ते मी वाचायचं. कारण यंत्रातलं मला कळतं.

मी ती पानं सायकलच्या पिशवीतून दुकानी नेली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा उघडली. तिचं अक्षर बारीक आणि जोडून काढलेलं. पहिली ओळ लावायला मला वेळ लागला. 'खेळ बनवणाऱ्या काकांना सा. न.' इतकं वाचून मी वर पाहिलं तर लच्छूभाईंच्या दुकानातली दोन पोरं माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती. मी पानांची घडी घातली आणि टेबलाच्या खणात, भिंगाच्या डबीखाली ठेवली.

संध्याकाळी आशू ओट्यावरच उभी होती. "वाचलंत?"

"वाचलं."

"सगळं?"

"सगळं. चांगलं लिहिलंयस."

"आणि सातव्या नंबरचं, सेलचं? ते बरोबर आहे ना बाबा? मी ऐकून लिहिलंय, तुम्हाला नक्की माहीत असेल."

मी सायकल भिंतीला लावत होतो. पाठमोराच म्हणालो, "अगदी बरोबर आहे."

तिचा चेहरा मी पाहिला नाही. पण आत जाऊन तिनं नितीनला सांगितलं ते ऐकू आलं, की बाबांना सगळं पटलं, सेलचं तर अगदी बरोबर म्हणाले. मग परत बाहेर येऊन म्हणाली की नववा नंबर रिकामा ठेवलाय, तो तुमचा, तुम्हाला खेळात काय हवं ते तुम्ही तुमच्या हातानं लिहायचं, मग पाठवू. मी म्हटलं, सुचलं की लिहितो. दर चार दिवसांनी विचारायची, सुचलं का. मी म्हणायचो, विचार चाललाय, घाई करू नको. पत्र खणात राहिलं. आठवी सुरू झाली, पाऊस लागला, लावण्या झाल्या, आणि गणपतीच्या आधी तिला कावीळ झाली.

त्या पंधरा दिवसांचं मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. शेवटपर्यंत गेम उशाशी होता. हातात धरवेना तेव्हा नितीन धरायचा आणि ती सांगायची, मुठ्याला नदीवर ने. ती गेली तेव्हा मुठ्या खेळातल्या नदीच्या काठावर उभा होता. नितीननं तिथंच त्याला राखून ठेवलं, म्हणजे बंद करताना खेळ विचारतो तेव्हा हो म्हटलं, की आहे तसंच राहतं.

मग घरातला आवाजच गेला. सुमन भाकऱ्या करायची, पण थापताना हात वाजायचा नाही. संध्याकाळी नितीन शाळेतून यायचा, हातपाय धुवायचा आणि भिंतीला टेकून गेम लावायचा. खेळायचा नाही. त्या कॅसेटमध्ये एकाच माणसाचा डाव राहत असे. त्याला आपला डाव मांडायचा तर बहिणीचा पुसावा लागला असता. तो फक्त लावायचा, धून वाजायची, आशूचं नाव यायचं, तिनं किती तास खेळ खेळला ते यायचं, मग नदीकाठी मुठ्या. त्याला तो दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे चालवायचा. सुमन तांदूळ निवडत शेजारी बसायची. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ती पडद्याकडे बघायची. "हाय का तिथंच?" असं विचारायची. नितीन म्हणायचा, "हाय." मग तो बंद करायचा. पेन्सिल सेल संपले की मी नवे घालायचो. त्या वर्षात दहा-बारा वेळा घातले असतील. दर वेळी मुठ्या जागच्या जागी. हे मी मुद्दाम सांगतोय. सेल बदलल्यानं काही जात नाही, असं मी माझ्या डोळ्यांनी दहा-बारा वेळा पाहिलं होतं.

वर्षश्राद्धाला आठ-दहा दिवस असतील. संध्याकाळचं ऊन ओट्यावर होतं आणि पडद्यावर मात्र काळोख. खेळातलं घड्याळ मागे पडायला लागलं होतं, आधी अर्धा तास, मग दोन, मग पाच, मग पार दहा-बारा. आता बाहेर दिवस असला की आत रात्र. सुमन बघत होती. म्हणाली, "तिच्याकडं सारखी रात्रच असते आता."

एवढंच म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. मला ते वाक्य दोन दिवस पुरलं. माझ्या घरात एक घड्याळ मागे पडतंय, तेही तिचं, आणि मी हात बांधून बसलोय. घड्याळ मागे पडतं म्हणजे सेल दमला. बाहेरचे पेन्सिल सेल नाहीत, कॅसेटच्या पोटात गोल बटणासारखा सेल असणार, मनगटी घड्याळात असतो तसला. तसले मी दिवसाला वीस बदलायचो. घड्याळाचा सेल काढला की घड्याळ थांबतं, नवा घातला की चालू लागतं, काटे लावून द्यायचे. त्यात जाण्यासारखं असतं काय?

सकाळी मी कॅसेट मागितली. नितीननं ती मुठीत धरली. बारा वर्षांचा होता. मी म्हटलं, सेल बदलून आणतो, तिच्या वर्षश्राद्धाला वेळ बरोबर पाहिजे. त्यानं मूठ मागे घेतली. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही सातवा नंबर वाचलाय ना?"

"वाचलाय."

"मग तुम्हाला माहीत आहे कसं करायचं ते."

"मला शिकवू नको. तीस वर्षं सेल बदलतोय मी."

त्यानं मूठ उघडली. त्यानं कॅसेट दिली ती माझ्या हाताकडे बघून नव्हे, मी वाचलंय यावर विश्वास ठेवून दिली. मला हे कळायला एक दिवस जायचा होता.

कॅसेटचा स्क्रू तीन पाकळ्यांचा होता, तसा पेचकस बाजारात मिळत नव्हता. मी जुन्या पेचकसाचं टोक कानशीनं घासून तसं केलं. मला त्याचाही अभिमान वाटला. डोळ्याला भिंग लावलं, पेटी उघडली. हिरवी पट्टी, तिच्यावर गोल सेल, दोन पत्र्यांनी झाळलेला. झाळायचा कैया तापवला, एक बाजू सोडवली, दुसरी सोडवली, चिमट्यानं सेल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवा कोरा सेल पुसून घेतला, झाळला. सगळं मिळून पाच मिनिटं. हात जराही हलला नाही. डाव्या बाजूला खण होता, माझ्या मांडीला टेकलेला, आणि त्यात ती चार पानं. गेम लावून पाहिला, धून वाजली, इंग्रजी अक्षरं आली. आधी तिथं दोन ओळी असायच्या, आता एकच होती. मला इंग्रजी येत नाही. ओळी मोजायचं माझ्या लक्षात आलं नाही. लच्छूभाई बाहेर आले, धून ऐकून डोळे पुसले आणि म्हणाले, "बज रहा है साईं." मी म्हटलं, वाजणारच.

घरी नितीननं माझ्या हातातून गेम घेतला. सुमन पदराला हात पुसत आली. धून वाजली. मग पोराचं बोट थांबलं. त्यानं बंद केला, परत लावला. परत बंद केला, परत लावला. खेळ त्याला नाव विचारत होता. नव्या माणसाला विचारतात तसं, तुझं नाव काय, मुलगा की मुलगी.

सुमननं विचारलं, "हाय का तिथंच?"

नितीन मला म्हणाला, "जुना सेल कुठाय?"

"टाकला."

"बाबा, ती त्या सेलवर होती."

मी काय म्हणालो असेन? चुकलो म्हणालो नाही. म्हणालो की सेल आधीच मेलेला होता, माझ्या हातात काय आहे, कंपनीनंच माल खराब बनवला. आवाज चढवून म्हणालो. सुमन परत विचारत राहिली, हाय का रे, हाय का, आणि नितीन तिला उत्तर देईना, कारण तो माझ्याकडे बघत होता. रडत नव्हता. तो बघत होता की या माणसाला माहीत होतं आणि तरी यानं केलं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बसलो, गिऱ्हाइकांना परत पाठवलं आणि खण उघडला. बोट ठेवून, ओठ हलवत, रस्त्यावरचा कुणीही बघू दे, चारही पानं वाचली. दुपार गेली. जुन्या भागातले प्राणी नव्या भागात आणता यावेत, नवीन वर्गात गेलं म्हणून जुन्या मैत्रिणी कुणी सोडायला लावत नाही. नाव मराठीत घालता यावं. एखाद्या प्राण्याला मोठं व्हायचं नसेल तर एकदा विचारा, सारखं सारखं विचारू नका. नदीला पूर यावा आणि ओसरल्यावर शेतात वेगळे प्राणी निघावेत. हरलेला प्राणी मेल्यासारखा दाखवू नका, दमलेला दाखवा. प्राणी म्हातारे व्हावेत पण मरू नयेत. आठव्या नंबरला, दोन भावंडांचे डाव एकाच कॅसेटमध्ये वेगवेगळे राहावेत, माझा भाऊ माझ्यासाठी खेळत नाही, तो चांगला आहे पण हे त्याला सांगू नका.

आणि सातवं असं: 'तुम्ही सगळे प्राणी आतल्या छोट्या सेलवर ठेवलेत. तो सेल काढला की ते सगळे जातात आणि परत येत नाहीत. पुढच्या भागात असं ठेवू नका. माझे बाबा घड्याळवाले आहेत, मी म्हणेन तेव्हा ते दुसरा सेल आधी जोडून मग पहिला काढतील. पण सगळ्यांचे बाबा घड्याळवाले नसतात.'

नववा आकडा काढून पुढे कंसात लिहिलं होतं, बाबा.

दुसरा आधी जोडायचा, मग पहिला काढायचा. दोन तारांचं काम. मी नंतर ते केलंय, आणि आजवर शेकडो वेळा. आता जुन्या कॅसेटी जपणारी माणसं आहेत, कुठून कुठून पाठवतात, काही स्वतः येतात, टक्कल पडलेले, पोरंबाळं असलेले. एकाचाही डाव माझ्या हातून गेलेला नाही. त्यांना मी एकच विचारतो, नव्या भागात काय केलंय. ते सांगतात आणि मी पत्रावर पेन्सिलीनं खूण करतो. सेलवर ठेवणं त्यांनी कधीच बंद केलं, सातव्यावर खूण आहे. मोठं व्हायचं नसेल तर एकदाच सांगून ठेवता येतं म्हणे, तिसऱ्यावर खूण आहे. आठव्यावर आहे. पूर अजून नाही, मराठी नाही, म्हातारं कुणी होत नाही. पहिल्यावर मी खूण केली होती, मध्यंतरी जुने प्राणी पुढे नेता यायचे. गेल्या खेपेला नितीनचा पुण्याहून फोन आला होता, त्याची मुलगी नवा भाग खेळते, तर बोलता बोलता म्हणाला की आता सगळे जुने आणू देत नाहीत, निवडक घेतात, बाकीचे मागेच. मी पहिल्या नंबरवरची खूण खोडली. लोक मला सांगतात, बाबा, प्राणी हजारावर गेले, सगळ्यांना कसं घेणार. मी म्हणतो, घेता येत नव्हतं तर पकडायला कशाला लावलं. सातवीतल्या पोरीला कळलेलं त्यांना अजून कळत नाही. चित्रं मोठी करा, गावं मोठी करा, करा काय करायचं ते, पण ज्यानं जुन्या भागात एक खेकडा सांभाळला त्याला दारात उभं करून त्याचा खेकडा बाहेर ठेवायला सांगू नका.

नितीन माझ्याशी वाईट वागला असं कुणी म्हणू नये. पैसाअडका, दवाखाना, सणवार, सगळं करतो. त्या कॅसेटमध्ये त्यानं कधी आपलं नाव घातलं नाही. ती भाकरीच्या जुन्या डब्यात आहे, आतला सेल दर काही वर्षांनी मी बदलतो, दुसरा आधी जोडून. आत कुणी नाही, तरी. सुमन अजून तांदूळ निवडताना ती धून गुणगुणते, तिला कळत नाही आपण गुणगुणतोय ते.

नितीन, हे प्रकरण तू वाचशील म्हणून लिहिलंय. मला माहीत होतं आणि मी केलं, असं तू इतकी वर्षं धरून चाललास, आणि मी धरू दिलं. मला हट्टी म्हटलेलं चाललं, मला धड वाचता येत नव्हतं हे कळलेलं चाललं नसतं. मी ते पत्र वाचलं नव्हतं. तिला वाचलं म्हणालो, तुला वाचलं म्हणालो, दोन्ही वेळा खोटं. सेल काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी वाचलं.

पत्र आता तुझ्याकडे पाठवतोय, तुझ्या मुलीला इंग्रजी येतं, ती करील. रिकामी जागा मी काल भरली, माझ्या हातानं, अक्षर वाकडं आलंय. ती तेवढी जशीच्या तशी जाऊ दे.

९. (बाबा) खेळातलं घड्याळ मागे पडलं तर पडू द्यावं. त्याला कुणी हात लावू नये.